रिपोर्ट एकाचा, ताट घराचं

‘शुगर नाही, पण काठावर आहे मावशी. गोड बंद करा, भात कमी करा, चालत जा.’ नायगावच्या आमच्या एका ताईला डॉक्टरांनी एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तिच्या हातातल्या कागदावर एचबीएवनसी ६.१ असं छापलेलं होतं. घरी येऊन ताईनं कागद गादीखाली ठेवला आणि चहातली साखर बंद केली. दोन दिवस कशीबशी काढली, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. गोडधोड ती तशीही खात नव्हती. पेढा हातात आला तर नातवाला देते. मग बंद करायचं काय, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

असे कागद आपल्या बऱ्याच घरांत पडून आहेत, म्हणून या वेळचं आरोग्याचं पान त्यांच्यासाठी.

आधी आकडा समजून घेऊ. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी हिशेब. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याहून वर गेला तर मधुमेह, आणि ५.७ ते ६.४ हा मधला काठ. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली तरी त्याला काठच म्हणतात. आपल्या बायकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : अंगात रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून उपाशीपोटीची आणि दोन तासांनंतरची तपासणीही करून घ्यावी. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी आणि काठावरचे १३.६ कोटी, असा अंदाज आहे. म्हणजे काठावर उभी असलेली माणसंच जास्त.

बाबासाहेबांना मधुमेह होता हे आपल्याला माहीत आहे, पण त्याचा विचार आपण क्वचित करतो. मधुमेह आणि पायांच्या वेदना यांवर मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार चालू होते. त्यांच्याकडेच डॉ. शारदा कबीर काम करत होत्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा आणि बाबासाहेबांचा विवाह झाला आणि पुढे औषधापासून पथ्यापर्यंत सगळं माईसाहेबांनी पाहिलं. संविधानाचं काम, हिंदू कोड बिल, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ, हे सारं त्या दुखऱ्या पायांनी आणि कमजोर होत चाललेल्या नजरेनं झालं. ग्रंथासाठी १९५६ च्या मार्चमध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेबांचं आणि डॉ. मालवणकरांचं ऋण मानलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले, वयाच्या ६५ व्या वर्षी. त्या काळी एचबीएवनसी ही तपासणीच नव्हती. आज ती आहे, आणि आपण तिचा कागद गादीखाली ठेवतो.

‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर?’ हे वाक्य आम्ही पुरुषांकडून फार ऐकतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी, ही आपल्याकडची तऱ्हा आहे. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका, शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढे गेली असेल, तर तपासणी करून घ्यावीच.

आता ताटाकडे येऊ. सकाळी चहा आणि बटर किंवा पाव. कामावर डब्यात चार चपात्या आणि बटाट्याची भाजी. मधल्या भुकेला वडापाव. संध्याकाळी पुन्हा चहा, फरसाण. रात्री दहाला भात आणि रस्सा. यात पेढा-बर्फी कुठेच नाही, पण बटर, पाव, चपाती, बटाटा, भात या सगळ्यांची पोटात गेल्यावर साखरच होते. वर चहा. चमचा पाच ग्रॅमचा धरला आणि दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, तर महिन्याला दीड किलो साखर एकट्याच्या पोटात जाते.

आणि शेवटी जेवणारी कोण? घरातली बाई. रविवारी मटण शिजतं, पीस पोरांच्या आणि कर्त्या माणसाच्या ताटात जातात, तिच्या वाट्याला रस्सा आणि उरलेला भात. अंड्याच्या कालवणाचंही तेच, सुक्या बोंबलाचंही तेच. डॉक्टर तिला म्हणतात, भात कमी करा. भात कमी केला तर तिच्या ताटात उरतं काय? आमचं स्पष्ट मत आहे की बाईचा रिपोर्ट काठावर आला असेल, तर पहिला बदल तिनं नाही, घरानं करायचा. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि अंडं, मासळी, उसळ तिच्या ताटात आधी वाढायची.

वाढण्याच्या क्रमालाही अर्थ आहे. आधी काकडी-मुळा किंवा पालेभाजी आणि उसळ-अंडं-मासळी, भात-चपाती शेवटी, असं जेवलं तर जेवणानंतर साखर कमी चढते. खर्च काही वाढत नाही.

दवाखान्यांत छापील डाएट चार्ट मिळतो, त्यात ओट्स, बदाम, पनीर लिहिलेलं असतं. तो दुसऱ्याच कोणाच्या स्वयंपाकघरातून आलेला असतो. आपल्याकडे मटकी, चणे, वाटाणे, कोकणातल्यांकडे कुळीथ, शिवाय अंडी, मांदेली, सुकट, जवळा, वजडी आहेच. वजडीचं नाव काढायला शहरात येऊन आपण लाजायला शिकलो. लाजू नका, फक्त तेलात पोहवू नका. सुकी मासळी मात्र दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, मिठानं बीपी वाढतं.

भाकरीबद्दलही एक गैरसमज आहे. ‘भाकरीनं शुगर वाढत नाही’ हे खरं नाही. ज्वारी-नाचणीची भाकरी चांगली, पण तीन-चार खाल्ल्या तर साखर वाढणारच, आणि तांदळाची भाकरी म्हणजे भातच. रेशनवर बहुतेक तांदूळ-गहूच येतो, तेव्हा तो टाकून महागडं पीठ आणायची गरज नाही. तोच भात मोजून खायचा. गूळ आणि मधही साखरच. कारल्याच्या रसावर आणि जांभळाच्या बियांच्या पुडीवर विसंबून तपासणी टाळू नका.

मोजून खाण्याची एक गोष्ट आपल्याच ग्रंथांत आहे. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा तो जेवून धापा टाकतच तथागतांपुढे येऊन बसला. तथागतांनी त्याला रागावलं नाही, उपासही सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचं दुखणं हलकं होतं आणि वय सावकाश सरतं, एवढ्या अर्थाची गाथा म्हटली. राजानं शेजारी उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायचं काम दिलं, दिवसाला शंभर कार्षापण देऊन. मग भात हळूहळू उतरत एका नाळीवर, म्हणजे लहानशा मापावर येऊन थांबला. आम्हाला यात दोन गोष्टी भावतात. भात एका दिवसात तुटला नाही, आणि ताटाशी आठवण करून देणारं माणूस होतं. आपल्या घरात सुदस्सन कोण, ते ठरवा. शाळेत जाणारी नात हे काम फुकटात आणि फार कडकपणे करते. तीन वाट्या भात असेल तर पंधरा दिवस अडीच, मग दोन. चहातली साखरही तशीच, पाव-पाव चमच्यानं. ताईनं एकदम बंद केली म्हणून तिला जमलं नाही.

बुद्धपौर्णिमेची खीर सोडा असं आम्ही म्हणणार नाही. साखर निम्मी घाला, वाटी लहान घ्या आणि रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर खा. जयंतीला सरबताच्या टेबलाशेजारी साध्या पाण्याचा आणि ताकाचा पिंप ठेवता येतो. वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांपैकी कोणी शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते.

चालण्यासाठी नायगाव-दादरकरांना फाइव्ह गार्डन आहे, चैत्यभूमीची चौपाटी आहे. ज्यांना बाहेर पडायला सवड नाही, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर चाळीच्या लांब व्हरांड्यात पंधरा मिनिटं फेऱ्या माराव्यात. जेवणानंतरचं चालणं साखरेवर चांगलं काम करतं. बीडीडी चाळीतली आपली माणसं तीन-तीन जिने चढून राहिली. आता वरळीत काहींना टॉवरमध्ये घरं मिळाली आहेत, आनंदच आहे, पण लिफ्ट आली आणि जिना गेला. खालचे दोन मजले तरी पायी चढा.

याचा उपयोग होतो का? चेन्नईत काठावरच्या ५३१ माणसांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच-तीन वर्षांत, नेहमीसारखं राहणाऱ्यांपैकी ५५ टक्के मधुमेही झाले. खाणं आणि चालणं बदललेल्यांपैकी ३९ टक्के. मेटफॉर्मिनच्या गोळ्या दिलेल्या गटालाही यापेक्षा जास्त फायदा झाला नाही. म्हणजे हमी नाही, पण फरक मोठा आहे. डॉक्टरांनी गोळी लिहिली असेल तर मात्र ती आपल्या मनानं बंद करू नका.

कागद गादीखालून काढा आणि त्यावर पुढच्या तपासणीची तारीख लिहा. पहिल्यांदा तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. पालिकेच्या दवाखान्यात साखर तपासता येते, परळला केईएम आहेच. गरोदरपणात साखर वाढली होती अशा बायकांनी काही त्रास नसला तरी दर वर्षी जावं. फार तहान, वारंवार लघवी, कारण नसताना उतरलेलं वजन, यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच केस पेपर काढा.