दाबू नका, फिरवा!

देवास म्हटलं की आपल्या सीमाभागातल्या माणसाला आधी कुमार गंधर्व आठवतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा गवई १९४८ साली देवासला गेला आणि तिथलाच झाला. माझी धाकटी बहीणही तिथंच दिली आहे. देवास काय, धार काय, पवारांची जुनी संस्थानं. मराठी बोलणारी घरं तिथं आजही भेटतात. आम्ही हल्ली गाडीनंच जातो.

परतताना इंदूर सोडलं की धार जिल्ह्यातला गणपती घाट लागतो. ब्रेक निकामी होऊन ट्रक पुढच्या गाड्यांवर आदळल्याचे कितीतरी अपघात इथं झाले. २०२४ च्या अखेरीस पर्यायी रस्ता खुला झाला, तरी उतार तो उतारच. म्हणून निघण्याआधी दाजींनी मिस्त्रीला घरी बोलावलं. आमच्या गाडीच्या मागच्या चाकाचे ब्रेक पॅड पार झिजले होते.

जुने पॅड निघाले. नवे जाड असतात, त्यांना जागा हवी तर कॅलिपरमधला पिस्टन आत जायला हवा. मिस्त्रीनं शिकंजा लावून आवळला, पिस्टन तसूभर हलेना. दाजी म्हणाले, "लावा की अजून जोर!"

"दाजी, थांबा," मी म्हटलं. "हा मागचा आहे."

फरक इथंच आहे. पुढच्या चाकाचा पिस्टन साधा, दाबला की आत जातो. पण ज्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमधूनच चालतो, तिथं पिस्टनच्या पोटात आट्यांचा स्क्रू असतो. पॅड झिजतील तसा पिस्टन आट्यांवरून पुढे येतो, त्यामुळे हँडब्रेक सैल पडत नाही. त्याला माघारी पाठवायचं ते फिरवतच. नुसता रेटला तर आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा दिसल्या की समजावं, हा फिरवायचा. बहिणीनं स्वयंपाकघरातूनच आमच्या आईच्या कन्नडात निकाल दिला, "ओत्तबेड, तिरुगिसु!"

भाच्यानं विचारलं, "मामा, कुठल्या बाजूला?" बहुधा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, काही गाड्यांत एका बाजूचा उलटा असतो, तेव्हा गाडीची पुस्तिका पाहावी. चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडलेला हवा. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडावं, कारण पिस्टन आत जाताना ऑइल वर चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग जातो. (बटणाचा हँडब्रेक असलेल्या नव्या गाड्यांत आधी स्कॅनर लावून मोटर मागे घ्यावी लागते. ते काम घरी नकोच.)

मिस्त्रीनं खाचांत बसणारं अवजार आणलं. तरीही पिस्टन अडूनच! अशा वेळी ब्लीडरचा नट किंचित सैल करून पाहावं. मग सहज फिरला तर दोष रबरी नळीत असू शकतो. आमचा तरीही फिरेना. रबरी बूट फाटून आत गंज चढलाय का पाहिलं. तसं असतं तर कॅलिपर खोलणं किंवा बदलणं हाच उपाय होता. बूट धड होता. अडला होता तो हँडब्रेकच्या केबलमुळे. केबल जाम झाल्यानं कॅलिपरवरची दांडी मूळ जागी येतच नव्हती. पॅड एवढे का झिजले, तेही उमगलं. केबल सोडवली आणि पिस्टन मुकाट फिरू लागला. मी मिस्त्रीला "निधान, निधान" म्हणत होतो, आणि त्याला वाटलं मी कसला खजिना मागतोय!

शेवटी पॅडच्या पाठीवरची गुटली पिस्टनच्या खाचेत नीट बसवली. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. केबल नवी टाकली. इंदूर रस्त्यावर चक्कर मारून आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ऊब सारखीच होती.