सुतळी बॉम्ब, म्हातारं कुत्रं आणि दहा दिवस

काही वर्षांपूर्वीची लक्ष्मीपूजनाची रात्र. साडेनऊच्या सुमाराला एक आजी सात वर्षांच्या नातवाला घेऊन आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या. पोराच्या उजव्या हाताला पदर गुंडाळलेला होता. सोडून पाहिलं तर मनगटापाशी दातांच्या चार खुणा, त्यातून रक्त येत होतं आणि वरून हळद दाबलेली. "घरचंच कुत्रं हाय सायब," आजी म्हणाल्या. "बारा वर्सं झाली, कुनाच्या वाटंला गेलं नाही. आज काय झालं की."

काय झालं ते पोरानंच सांगितलं. दिवाळीला पुण्याहून आलेल्या भावंडांनी अंगणात सुतळी बॉम्ब लावला. कुत्रं जवळच बाजेखाली झोपलेलं होतं. आवाजासरशी ते भिंतीला चिकटून थरथरायला लागलं, म्हणून यानं दया येऊन त्याला बाहेर ओढायला हात घातला. इतकंच.

दिवाळीच्या चार-पाच दिवसांत आमच्याकडे भाजलेले रुग्ण येतात, डोळ्याला इजा झालेले येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रं चावलेले येतात, त्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. त्यातली बरीच मुलं असतात आणि चावणारं कुत्रं पुष्कळदा ओळखीचंच निघतं.

आधी हळद काढली. नळाखाली साबण लावून जखम घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतली. हे काम खरं तर घरीच, चावल्याबरोबर व्हायला हवं. रेबीजच्या विषाणूवरचं आवरण स्निग्ध असतं, साबणानं ते फुटतं. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांनी काहीच साधत नाही, उलट जखम चिघळते. मग लस आणि रक्त आलेलं असल्यामुळे जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. लसीला अंगात प्रतिकारशक्ती तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोपर्यंत जखमेतला विषाणू जागच्या जागी अडवायचं काम हे दुसरं औषध करतं. कातडीत द्यायच्या लसीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती पद्धत केव्हाच बंद झाली.

हे चालू असताना आजींच्या मुलाचा फोन आला. काठ्या घेऊन चौघे जण कुत्र्यामागे निघाले होते. फोन हातात घेऊन मी त्याला म्हणालो, "कुत्र्याला मारू नका. साखळीनं बांधा, खायला-प्यायला द्या आणि दहा दिवस नुसतं बघत राहा."

हा दहा दिवसांचा हिशेब काय आहे? रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या मेंदूत पोचल्यानंतरच लाळेत उतरतो आणि त्यानंतर काही दिवसांतच कुत्रं आजारी पडून मरतं. म्हणजे चावल्यानंतर दहा दिवस जर ते धडधाकट राहिलं, तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असं खात्रीनं म्हणता येतं. ठार मारलं की ही खात्री कायमची गेली. अर्थात दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असं चालत नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. कुत्रं ठीक राहिलं, तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पाश्चरनं ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला चावल्यानंतर लस दिली आणि ती लागू पडली, कारण हा विषाणू मज्जातंतूतून सावकाश चढतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात. तेवढी सवड आपल्याला मिळते. लक्षणं दिसू लागल्यावर मात्र हातात काही उरत नाही.

आता त्या कुत्र्याची बाजू. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या आत असावा, असा नियम आहे. डेसिबलचं मोजमाप पटींचं असतं, दर दहा डेसिबलला ऊर्जा दहापट होते. आपलं साधं बोलणं साठच्या आसपास. तेव्हा नियमात बसणारा फटाकासुद्धा बोलण्याच्या तीस लाख पटींनी वरचढ आणि अंतर निम्मं झालं की आणखी सहा डेसिबल वाढतात. बाजेखालचं कुत्रं चार मीटरवर नव्हतं. शिवाय हा आवाज का होतोय, कधी थांबणार, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी ऐकू येतं म्हणून त्याचं बरं, असं काही जण म्हणतात. तसं नसतं. त्याला हादरा जाणवतो, नजर अधू झाल्यानं चमक दिसते पण माणूस ओळखू येत नाही आणि सांधे दुखत असल्यानं पळताही येत नाही. ज्याला पळता येत नाही, ते चावतं.

उपाय काही खर्चाचे नाहीत. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच फिरवून, जेवू घालून कुत्र्याला आतल्या खोलीत घ्यावं. दारं-खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू, अंगाखाली त्याचं नेहमीचं पोतं. ते पलंगाखाली शिरलं तर शिरू द्यावं, ओढून काढू नये. मुलांना ही एक गोष्ट दिवाळीआधीच बजावून ठेवा. जवळ बसून कुरवाळल्यानं भीतीची सवय लागते, असा एक समज आहे, तोही चुकीचा आहे. त्याला जवळ यावंसं वाटलं तर बसू द्या. गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर हवाच, कारण घाबरून पळालेलं कुत्रं दोन गावं ओलांडून जातं. फटाक्यांची वेळ सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रात्री आठ ते दहा अशी ठरवून दिली होती. ती आपल्याकडे किती पाळली जाते, ते चाकूरच्या बसस्थानकापाशी उभं राहून कुणीही पाहावं.

दरवर्षी एक-दोघे माझ्याकडे कुत्र्यासाठी झोपेची गोळी मागायला येतात. माणसाची झोपेची गोळी कुत्र्याला देऊ नये. काही औषधांनी त्याचं अंग लुळं पडतं, भीती मात्र जागीच राहते. भीती कमी करणारी योग्य औषधं पशुवैद्यकांकडे असतात, पण त्यासाठी आठ दिवस आधी जायला हवं.

फराळाबद्दल थोडंसं. बेदाणे, मनुका कुत्र्याला पडलेल्या लाडवातूनसुद्धा नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे आणि ते चिंचेतही भरपूर असतं. कांदा-लसूण कच्चा असो की शिजलेला, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे कारण कुणाच्या ध्यानातच येत नाही. येळवशीला शेतात उरलेली भज्जी आणि लसणाची आंबील आपण मोठ्या प्रेमानं राखणीच्या कुत्र्यापुढे ओततो. त्याऐवजी साधी भाकरी आणि ताक द्यावं. चॉकलेटही वर्ज्य. गुरांच्या बाबतीत घोटाळा वेगळा होतो. पोळ्याला, वसुबारसेला पुरणपोळ्या आणि धान्य पोटभर चारलं की पोटात आम्ल वाढतं आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी जनावर आडवं होतं. नैवेद्याचा एक घास पुरे.

तर ते बाजेखालचं कुत्रं. दहा दिवस झाले. कुत्रं ठणठणीत. पोराची जखमही भरत आली. पण घरच्यांचं मन उतरलं होतं. "लेकरं येतात-जातात सायब. दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतो." बारा वर्षांचं, एका डोळ्यात फूल पडलेलं कुत्रं परक्या शिवारात किती दिवस काढणार? गावातली कुत्रीच त्याला ठेवणार नाहीत. पाळलेल्या जनावराला असं उपाशी मरायला सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हे मी सांगितलं. पण कायदा सांगून बाजेखालची जागा परत मिळत नसते. शेवटी मीच म्हणालो, माझ्याकडे आणून सोडा. घरी हिनं कपाळाला हात लावला.

मोत्या त्याचं नाव. लांब पाय, खपाटीला गेलेलं पोट. आमच्या तालुक्यातलं जानवळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी नावाजलेलं आहे, त्या रक्ताचा काही अंश त्याच्यात असावा. पिल्लांना तिथे लांबून गिऱ्हाईक येतं. म्हाताऱ्या कुत्र्याला कोण विचारतं?

पहिल्या थंडीत मोत्या मागच्या पायांनी लंगडू लागला. संधिवात उघड दिसत होता. इथे मी जी चूक केली, ती एम.बी.बी.एस. झालेल्या माणसानं करावी अशी नव्हती. माझ्याच कपाटातली डायक्लोफेनॅकची गोळी दोन दिवस भाकरीत घालून दिली. तिसऱ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं आणि शी डांबरासारखी काळी झाली, म्हणजे जठरात रक्तस्राव. जनावरांसाठी हे औषध वापरायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे. ते दिलेल्या गुरांचं मढं खाऊन गिधाडं मेली म्हणून. मला ती बातमी ठाऊक होती, पण गिधाडांची म्हणून. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे धावत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुमचा पेशंट न विचारता अशी गोळी घेऊन आला, तर तुम्ही काय म्हणता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोत्या चार दिवसांच्या सलाईनवर वाचला. आयबुप्रोफेनही कुत्र्याला असंच घातक. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जिवावर बेतते, कारण ते औषध पचवणारी यंत्रणा त्याच्या यकृतात पुरेशी नसते.

पुढं जे कळत गेलं, ते असं. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब खरा नाही. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या खुणा माणसांशी ताडून पाहिल्या. त्या हिशेबानं एक वर्षाचं कुत्रं तिशीचं निघतं, चार वर्षांचं माझ्या वयाचं आणि बारा वर्षांचं सत्तरीचं. सुरुवातीला वय धावतं, नंतर मंदावतं. सत्तरीच्या माणसाचं जे पाहतो, तेच मोत्याचं पाहावं लागलं. पाणी फार पिऊ लागला तर मूत्रपिंड किंवा मधुमेह, तोंडाला घाण वास आला तर दात, रात्री उगाच भिंतीकडे पाहत उभा राहिला तर मेंदूचं म्हातारपण. आमच्या अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत जे प्रथिन साठतं, तेच म्हाताऱ्या कुत्र्यांच्याही मेंदूत सापडतं. गुळगुळीत फरशीवर पोतं टाकलं, भांडं वितीभर उंचावर ठेवलं, नखं कापली. लंगडणं पशुवैद्यकांच्या औषधानं आणि वजन आटोक्यात ठेवल्यानं बरंच कमी झालं.

आमच्या भागात आता घरोघरी म्हातारा-म्हातारीच उरलेली आहेत. मुलं पुण्याला, हैदराबादला. सोबतीसाठी ती हौसेनं पिल्लू आणून देतात. पिल्लू पायात येतं, आजी पडतात, खुब्याचं हाड मोडतं. असे रुग्ण मी पाहिले आहेत. शिवाय सत्तरीच्या माणसानं चौदा वर्षं जगणारं जनावर घेतलं, तर मागं राहिलेल्या कुत्र्याचं पुढं काय? आठ-दहा वर्षांचं कुत्रं अंगणात घाण करत नाही, चपला कुरतडत नाही, त्याचा स्वभाव पहिल्या आठवड्यातच कळतो. आणि दोघांनाही दिवसातून दोनदा सावकाशच चालायचं असतं. खर्च मात्र असतो, औषधांचा आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचा, आणि सोबत थोडीच वर्षं मिळते, हे आधीच समजून घ्यावं. मोत्या आमच्याकडे अडीच वर्षं होता.

गेल्या दिवाळीच्या आधी त्या आजी रक्तदाब तपासायला आल्या होत्या. नातू पुण्याच्या शाळेत गेला, हातावर आता नुसती पांढरी रेघ आहे म्हणाल्या. मग चपला घालता घालता थांबल्या. "सायब, आमच्या गल्लीतली वकीलबाई वारली. तिचं कुत्रं दारात बसून असतंय. म्हातारंच हाय. घिऊ का?"

मी म्हणालो, आजी, आधी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस द्या. मग बाजेखाली जागा करा.