मंद उडण्याची किंमत : झेनिथ सीएच ७०१

ख्रिस हाइन्ट्झ यांनी १९८०च्या दशकात आराखडा केलेलं हे दोन आसनी, धातूचं विमान सुट्या भागांच्या संचातून घरच्या शेडमध्ये जोडता येतं. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे मुख्यतः पॉप रिव्हेटांनी जोडायचे. कसबापेक्षा चिकाटी जास्त लागते. पंखांचा विस्तार सुमारे सव्वाआठ मीटर, भरलेलं कमाल वजन ५०० किलोच्या घरात.

पंखाच्या पुढच्या कडेला कायमची बसवलेली पट्टी, म्हणजे स्लॅट, हे याचं मर्म. तिच्यामागच्या फटीतून हवा वेगाने पंखावर येते आणि नाक बरंच वर उचललं तरी प्रवाह पंखाला धरून राहतो. म्हणून ताशी ५० किमीच्या आसपासही ते हवेत टिकतं आणि अगदी थोडं धावून उडतं.

मात्र हीच रचना हवेचा रोध वाढवते. विमान हलकं, रोध मोठा. उभ्या चढणीत इंजिन बंद पडलं, तर वेग बघता बघता सरतो. नाक तत्क्षणी खाली घ्यावं लागतं, आणि जमिनीजवळ तेवढी उंची हाताशी नसते. आखूड उड्डाणाची हौस नवशिक्याने सुरुवातीला बाजूलाच ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन.

बांधताना खरा शत्रू वजन. जादा उपकरणं, रंगाचे जादा थर, जाड गाद्या यांत ते नकळत वाढतं.

अमेरिकेत असं विमान हौशी बांधणीच्या प्रायोगिक गटात नोंदवायचं, तर निम्म्याहून अधिक काम हौशी बांधणाऱ्यांनी केलेलं असावं लागतं.