लाखेची तबकडी : जन्म आणि पुनर्जन्म

वाराणसीस पंचगंगा घाटावरून काठाकाठाने उत्तरेकडे निघाले, की प्रथम दुर्गा घाट लागतो व त्यानंतर ब्रह्मा घाट. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांच्या खटपटीने हे दोन्ही घाट पक्के बांधले गेले आणि त्यांच्या मागील गल्ल्यांतून मराठी घराणी स्थिरावली. गौड सारस्वत ब्राह्मणांचा काशी मठही ब्रह्मा घाटावरच आहे. पंचगंगेच्या दक्षिणेस, हाकेच्या अंतरावर, बालाजीचे मंदिर आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) यांनी ऐन उमेदीच्या वर्षांत सनईची साधना केली ती या मंदिरात.

या परिसरात दगडाने पुष्कळ काही जपून ठेवले आहे. स्वर मात्र दगडाला जपता येत नाही. तो उमटतो आणि विरतो. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांच्यासारख्या थोर गवयाच्या गायनाची आज केवळ वर्णनेच वाचावयास मिळतात, कारण त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. याउलट त्यांचे शिष्य बालगंधर्व आजही ऐकता येतात. गुरू मौन आणि शिष्य बोलता, हा भेद गुणवत्तेचा नव्हे. तो एका काळ्या, ठिसूळ तबकडीचा आहे. ती तबकडी कशी घडत असे, आणि घडून गेल्यावर अर्ध्यापाऊण शतकाने तिला पुन्हा बोलते करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कच्चा माल

ग्रामोफोनची जुनी तबकडी ही विलायती वस्तू, असे सामान्यतः समजले जाते. यंत्र विलायती होते यात शंका नाही. परंतु तबकडीचा जीव भारतीय होता. तो म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेसारख्या पदार्थाचे कवच तयार करतात. हे कवच फांदीसह खरवडून काढतात, कुटतात आणि धुऊन त्यातील तांबडा रंग वेगळा करतात. एके काळी हा रंगच मौल्यवान होता. रासायनिक रंग बाजारात आल्यावर त्याची किंमत गेली आणि राळेची वाढली.

छोटा नागपूर व आसपासच्या जंगलांतील लाख शुद्ध करण्याचे एक मोठे केंद्र मिर्झापूर येथे होते. हे गाव वाराणसीच्या वरच्या अंगास गंगेच्याच काठी आहे. कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत लाखेचे दाणे भरीत, ती पिशवी कोळशाच्या भट्टीसमोर धरून पिळीत आणि कापडातून झिरपलेला तप्त रस गोळा करीत. मग एक कारागीर तो गोळा हातांनी, पायांनी आणि दातांनीही ताणून त्याचा पापुद्रा काढी. भट्टीच्या धगीत उभे राहून केलेल्या या श्रमाची नोंद कोणत्याही तबकडीच्या लेबलावर नाही. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, यावरून या मालाचे महत्त्व ध्यानात येईल.

तबकडीत अर्थातच केवळ लाख नसे. दगडाची बारीक पूड हा तिचा मोठा भाग. त्यात काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळीत. लाखेचे काम या सर्वांना बांधून ठेवण्याचे. दगडाची पूड सुईला झिजवी आणि सुई खाचेला. म्हणून प्रत्येक वेळी ऐकताना तबकडी किंचित मरत असे.

मेणापासून साच्यापर्यंत

१९०२ च्या अखेरीस लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने जे आवाज मुद्रित केले, त्यांत गौहरजान (१८७३-१९३०) हिचा आवाज सर्वांत प्रसिद्धीस आला. गौहरजानचा जन्म आझमगढचा. तिचे बालपण काही वर्षे बनारसमध्ये गेले. तिची आई मलकाजान हिने गायिका म्हणून नाव मिळविले तेही प्रथम याच नगरीत.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायिकेने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावयाचे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी पातळ पडदा असे; आवाजाने तो थरथरे आणि त्याला जोडलेले टोक फिरणाऱ्या मेणाच्या जाड चकतीवर नागमोडी खाच कोरीत जाई. वीज कोठेच नव्हती. खाच कोरली जाई ती गाणाऱ्याच्या श्वासाच्या बळावर. चूक झाली तर पुसून टाकण्याची सोय नव्हती. नवी चकती घेऊन आरंभापासून गावे लागे.

कोरलेल्या मेणावर शिशाच्या पेन्सिलीत असते तशी ग्राफाइटची पूड पसरून त्यास विद्युत्वाहक करीत आणि रसायनाच्या कुंडात त्यावर तांब्याचा थर चढवीत. हा थर सोलून काढला की खाचेच्या जागी उंचवटा असलेला उलटा ठसा मिळे. त्यापासून पुढे धातूचा सुलटा ठसा आणि त्याच्यापासून पुन्हा उलटे साचे करीत. वाफेने तापविलेल्या दाबयंत्रात अशा दोन साच्यांमध्ये मऊ केलेल्या लाखेचा गोळा ठेवून दाबला, की दोन्ही बाजूंस गाणे असलेली तबकडी तयार होई. प्रारंभीच्या तबकड्यांना गाणे एकाच बाजूस असे.

गायसबर्गने मुद्रित केलेल्या मेणाच्या चकत्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे गेल्या. तेथील कामगारांना हिंदुस्थानी भाषा समजण्याचा प्रश्नच नव्हता. कोणती चकती कोणाची, हे कळावे म्हणून गाणे संपताच कलावंत स्वतःचे नाव उच्चारून सांगत. गौहरजानने इंग्रजीत उच्चारलेले तिचे नाव पुढे तिची खूणच होऊन बसले. मुळात ती कारखान्याची सोय होती. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे आणि १९२८ मध्ये डमडम येथे कारखाना उभा राहिल्यावर मिर्झापूरच्या लाखेला समुद्र ओलांडण्याचे कारण उरले नाही. १९२५ नंतर मायक्रोफोनही आला आणि कर्ण्यासमोर ओरडून गाण्याची गरज संपली.

दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तासभर रंगणारी ठुमरी किंवा ख्याल एवढ्या अवधीत बसवावयाचा, म्हणजे काय गाळावे आणि काय ठेवावे याचा कठोर निवाडा आला. काही श्रेष्ठ गवयांनी तो अपमान मानला. ज्यांनी तो स्वीकारला, त्यांच्या गायनात एक नवीच घट्ट बांधणी आली.

एका शब्दाची साक्ष

तबकडी केवळ स्वर जपत नाही, ती पुरावाही जपते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे रसूलनबाई (१९०२-१९७४). लाखेच्या याच मिर्झापूर जिल्ह्यातील कछवा बाजार येथे त्यांचा जन्म झाला आणि बनारस अंगाच्या पूरब गायकीतील एक श्रेष्ठ स्वर म्हणून त्या मान्यता पावल्या. फुलांच्या चेंडूचा मार लागल्याची तक्रार करणारी त्यांची भैरवीतील ठुमरी सर्वश्रुत आहे. सर्वपरिचित पाठात हा आघात काळजावर होतो. परंतु १९३५ च्या सुमारास त्यांनीच मुद्रित केलेल्या एका तबकडीत काळजाच्या जागी यौवनसूचक शब्द आहे.

मधल्या काळात काय घडले होते? कोठ्यावरील गायिकांच्या कलेस प्रतिष्ठितांच्या बैठकीत स्थान हवे असेल, तर त्या कलेतील देहाचा उल्लेख पुसला जावा, अशी अपेक्षा समाजात बळावली होती. स्वतः रसूलनबाईंनी १९४८ मध्ये मुजरा सोडला. १९५७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ च्या अहमदाबादमधील दंगलीत त्यांचे घर जळाले. विस्मृतीत गेलेल्या त्या जुन्या पाठाचा शोध हाच सबा दिवान यांच्या २००९ मधील माहितीपटाचा विषय आहे. ही तबकडी नष्ट झाली असती, तर बदललेला शब्दच मूळचा ठरला असता आणि त्यास आव्हान देण्यास कोणी उरले नसते. पुनर्प्रकाशनाचे महत्त्व यात आहे.

पुनर्जन्माचे नियम

जुने गाणे पुन्हा प्रसिद्ध करावयाचे, तर सर्वांत उत्तम साधन म्हणजे मूळ धातूचा ठसा. पण कारखान्यांच्या दृष्टीने खप संपलेल्या गाण्याचा ठसा म्हणजे मोडीतील तांबे, आणि असे ठसे जगभर वितळविले गेले. तबकड्यांचेही तेच झाले. दुसऱ्या महायुद्धात लाख दुर्मिळ होताच अमेरिकेत १९४२ मध्ये तबकड्यांसाठी तिच्या वापरावर निर्बंध आले आणि नव्या तबकड्यांसाठी जुन्या गोळा करून दळल्या गेल्या. एका गाण्याच्या राखेतून दुसरे गाणे जन्मास आले.

म्हणून बहुधा कोणाच्या तरी घरी किंवा जुन्या बाजारात सापडलेल्या झिजक्या प्रतीवरच विसंबावे लागते. ती स्वच्छ करताना स्पिरिट वापरणे म्हणजे घात, कारण लाख स्पिरिटात विरघळते. त्यानंतर सुई. जुनी खाच रुंद असल्याने तिला सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. दीर्घवादन मुद्रिकेची सुई तिच्या तळाशी घसटत राहते आणि केवळ खरखर ऐकविते.

सर्वांत नाजूक प्रश्न वेगाचा. या तबकड्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात, तथापि आरंभीच्या काळात प्रत्यक्ष वेग सत्तरीच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोठेही असे. वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला, की सूर सुमारे अर्ध्या स्वराने सरकतो. चौऱ्याहत्तरच्या वेगाने मुद्रित केलेले गाणे अठ्ठ्याहत्तरने वाजविल्यास गायिकेची पट्टी चढते, लय घाईची होते आणि आवाजाचे वजन हरवते. साथीच्या हार्मोनियमची पट्टी ताडून योग्य वेग ठरविता येतो. त्यासाठी कानाला रागाची ओळख हवी. घाईने काढलेल्या पुनर्मुद्रणांतून कित्येक पिढ्यांनी आपल्या आवडत्या कलावंतांचा आवाज असा विकृत स्वरूपात ऐकला आहे.

खरखर काढून टाकण्याची यांत्रिक साधने आज विपुल आहेत. धोका असा, की ती अति वापरली तर खरखरीबरोबर तंबोऱ्याची झार, श्वासाचा आवाज आणि व्यंजनांची धारही जाते. शेवटचा नावाचा पुकारा अनावश्यक म्हणून कापला, तर इतिहासाचा एक तुकडा गेला. प्रामाणिक पुनर्प्रकाशन मूळ ध्वनी जसाच्या तसा एका प्रतीत राखते, शुद्ध केलेली प्रत वेगळी देते आणि तबकडीचा क्रमांक, वर्ष, ठरविलेला वेग व ठाऊक असल्यास साथीदारांची नावे नोंदविते. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. त्यानंतर ही जबाबदारी एका कंपनीची न राहता समाजाची होते. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आदींनी स्थापन केलेल्या ध्वनिमुद्रिका-संग्राहकांच्या संस्थेने हे काम कोणत्याही व्यापारी लाभाविना केले, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची बाब होय.

२०१६ च्या अखेरीस बिस्मिल्ला खाँ यांच्या काही सनया चोरीस गेल्या आणि त्यांतील चांदी वितळविली गेली. ती वाद्ये परत मिळणार नाहीत. परंतु त्यांचे वादन, विष्णू गोविंद जोग यांच्या व्हायोलिनसह झालेली त्यांची जुगलबंदी धरून, मुद्रिकांवर उरले आहे. चांदीहून लाख व प्लॅस्टिक अधिक टिकाऊ ठरले ते त्या पदार्थांच्या गुणाने नव्हे, तर ती गाणी अनेक प्रतींत अनेक घरी पोचली होती म्हणून. ब्रह्मा घाटावरील एखाद्या वाड्याच्या माळ्यावर असो वा पुण्यातील एखाद्या पेटीत, जुन्या तबकड्या आढळल्यास त्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून जपाव्यात आणि मधल्या कागदावरील क्रमांक उतरवून घ्यावा. कदाचित ती त्या गाण्याची शेवटची प्रत असेल.