वेदीवरून माघारी

गेल्या आठवड्यात आपण रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायापाशी थांबलो होतो. या खेपेला नारायण वामन टिळकांच्या भजनांकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण भालकी तालुक्यातून आलेल्या एका पत्राला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे सरकवत नाही.

पत्रलेखक शेतकरी आहेत. त्यांच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत. बापाच्या माघारी वाटणी झाली. पुढे धाकट्याची तक्रार सुरू झाली की थोरल्याने बांध कोरला, दर नांगरटीला एक-एक तास आत घेतला. मोजणी झाली, पंच बसून उठले आणि आता कोर्टाच्या तारखा चालू आहेत. रविवारी दोघंही उपासनेला येतात. एक दाराशी बसतो, दुसरा अगदी पुढे. तूर निघाली की उपकारस्तुतीच्या रविवारी दोघांचीही पोती वेदीसमोर येऊन पडतात. पाळक दोन्ही पोत्यांवर प्रार्थना करतात. पत्रलेखक विचारतात, ‘देव यातलं कोणाचं पोतं घेतो?’

गेली कित्येक वर्षं मी ज्या दोन ओळींभोवती घुटमळतो आहे, तिथेच हा प्रश्न जाऊन पोचतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू एक प्रसंग सांगतो. माणूस वेदीपाशी अर्पण घेऊन आला आहे. तिथे त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. येशू सांगतो की अर्पण तिथेच वेदीसमोर ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा.

हे वाचताना बहुतेक जण कल्पना करतात ती आपल्या गावातल्या चर्चची. भाऊ चार घरं पलीकडे राहतो, पाच मिनिटांत जाऊन यायचं. पण येशू बोलतो आहे गालीलात, आणि ऐकणारे आहेत तिथलेच कोळी, कुणबी, कारागीर. अर्पण वाहायची वेदी एकच, तीही यरुशलेमात. कफर्णहूमपासून ती शंभर किलोमीटरच्या वर, पायी तीन-चार दिवसांची वाट. आपल्याकडचं माप लावायचं तर कलबुर्गीहून बीदर. 2017च्या ऑक्टोबरात सुरू झालेली आपली रेल्वे या दोन गावांमध्ये 110 किलोमीटर धावते. आता कलबुर्गीचा माणूस जनावर घेऊन पायी बीदरला आला आहे, वेदीपुढे उभा आहे, आणि तिथे त्याला घरचा भाऊ आठवतो. येशू म्हणतो, जनावर इथे सोड, कलबुर्गीला परत जा, भावाशी बोल आणि पुन्हा चालत ये. आठवडा मोडला. शेतातलं काम पडलं. मागे सोडलेलं जनावर कोण सांभाळणार, त्याचा तर उल्लेखही नाही.

डोंगरावर बसून हे ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असेल, असं मला नेहमी वाटतं. त्यांना ती वाट पायाखालची होती.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. तुला भावाविषयी राग असेल तर, असं येशू इथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं म्हणतो. भावाचं खरं की खोटं, याचा निवाडाही करत नाही. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याने उठायचं. मग तक्रार ज्याची आहे त्याने काय करायचं? त्याचं उत्तर मार्काच्या अकराव्या अध्यायात आहे: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा. दोन्ही वचनं शेजारी ठेवली तर दोघांनाही चालायला लावलेलं दिसतं. दोघांनीही मानलं, तर भेट वाटेतच कुठेतरी व्हायची.

शास्त्रातलं पहिलं अर्पण आठवा. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काईन शेतातलं पीक आणतो, हाबेल कळपातलं पहिलं. एकाचं स्वीकारलं जातं, दुसऱ्याचं नाही. का, हे ती कथा उलगडून सांगत नाही. इब्रीकरांस पत्र हाबेलाच्या विश्वासाकडे बोट दाखवतं. पण त्यापुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. काईन वेदीवरून निघतो आणि भावाला शेतात गाठतो. येशूच्या सांगण्यातला माणूसही वेदीवरून निघून भावाकडेच जातो. डोंगरावरच्या प्रवचनात खुनाविषयीच्या आज्ञेला लागूनच हे अर्पणाचं वचन येतं. हे नुसतं योगायोगाने झालं असेल, हे मला पटत नाही.

समेट म्हणजे काय, हेही बोललं पाहिजे. पाळकांनी दोघांना पुढे बोलवायचं, हात हातात द्यायचे, मंडळीने ‘आमेन’ म्हणायचं आणि बांध होता तिथेच राहायचा, असले समेट मी पाहिले आहेत. पुढच्या पेरणीपर्यंत ते टिकत नाहीत. लेवीयच्या सहाव्या अध्यायातला नियम स्पष्ट आहे. शेजाऱ्याचं लुबाडलं असेल तर ते पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पणाचा मेंढा त्यासोबत. यहुदी गुरूंनी मिश्नामध्ये हेच आणखी ठाशीवपणे नोंदवलं. प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धच्या पापांची क्षमा करतो. शेजाऱ्याविरुद्ध केलेल्याची क्षमा शेजाऱ्याचं समाधान होईपर्यंत नाही. लूकमध्ये जक्कय तर चौपट परत करायला उभा राहतो. आणि बांधाबद्दलच विचाराल तर अनुवाद या पुस्तकात दोनदा बजावलं आहे की शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवू नका. दुसऱ्यांदा तर शापच उच्चारला आहे आणि सगळ्या लोकांना त्यावर ‘आमेन’ म्हणायला लावलं आहे. हे वचन आपल्या चर्चमध्ये क्वचितच वाचलं जातं. ज्या जिल्ह्यांत निम्मी भांडणं हद्दीच्या दगडावरून आणि पहाणीवरच्या नावावरून होतात, तिथे ते वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचायला हवं.

भालकी ज्यात येतं त्याच बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात शिवभक्त शरणांनी अर्पणाचा हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. आयदक्की मारय्या सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणायचा, हे त्याचं कायक, म्हणजे भक्तीने केलेलं काम, आणि त्यातून दासोह, म्हणजे इतरांना जेवू घालणं, चालायचा. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणला. बायको लक्कम्माने तो परत नेऊन टाकायला लावला. गरजेपेक्षा जास्त आणलेल्यातून दासोह करायला ती तयार नव्हती. आमच्या श्रद्धा वेगळ्या आहेत, पण तिचा हा निर्णय ऐकला की लेवीयचा नियम ओळखीचा वाटू लागतो. अर्पण कुठून आलं, हे तिने आधी विचारलं.

इथे एक सावधगिरी हवी. हे वचन दुबळ्यावर उगारायची काठी नाही. मार खाल्लेल्या बाईला ‘घरी जा, मिटवून घे, तरच प्रभुभोजन’ असं सांगणारे आहेत. मजुरी बुडालेल्या सालगड्याला ‘ख्रिस्ती माणसाने कोर्टकचेरी करू नये’ म्हणणारेही आहेत. त्यांनी मत्तय पुन्हा उघडून वाचावा. चालायची आज्ञा तिथे आहे ती अर्पण घेऊन आलेल्याला, ज्याच्याविषयी दुसऱ्याच्या मनात काही आहे त्याला. बीदर-कलबुर्गीकडच्या आपल्या बहुतेक मंडळ्या दलित वाड्यांतून उभ्या राहिल्या. त्यांच्या आजोबा-पणजोबांना आयुष्यभर ‘मिटवून घ्या’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. चर्चनेही तेच ऐकवावं, हे मला सहन होत नाही.

पहिल्या काही शतकांतल्या मंडळ्यांनी या वचनाचं काय केलं, ते सांगताना मला विशेष आनंद होतो. ‘दिदाखे’ नावाचा एक छोटा, फार जुना ग्रंथ आहे. तो शतकानुशतकं नाहीसाच झाला होता. 1873मध्ये फिलोथिओस ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूंना कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात त्याची हस्तलिखित प्रत सापडली आणि दहा वर्षांनी त्यांनी ती छापली. त्याच्या चौदाव्या प्रकरणात प्रभूच्या दिवशी भाकर मोडण्याविषयी सूचना आहेत. ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत तुमच्यात येऊ नये, म्हणजे तुमचा यज्ञ विटाळणार नाही, अशा अर्थाची त्यातली एक.

तिसऱ्या शतकातला सिरियातला ‘दिदास्कालिया’ याच्या पुढे जातो. प्रार्थनेच्या वेळी डीकनने मोठ्याने विचारायचं, कोणाच्या मनात कोणाविषयी काही आहे का? आणि मंडळीतले तंटे बिशपने सोमवारी ऐकायचे. का सोमवारी? म्हणजे कोणी निकाल मानला नाही, हट्ट धरला, तरी रविवारपर्यंत मन वळवायला दिवस हातात राहतात. किती व्यवहारी, किती मायेची योजना आहे ही! ज्याने ही सूचना लिहिली त्याने गावातली भांडणं जवळून पाहिली असणार. शनिवारी रात्री तडजोड करायला बसलेल्या पंचांचं काय होतं, हे त्याला माहीत होतं.

पुढे हीच गोष्ट शांतीच्या चुंबनात आली. पूर्वेकडच्या प्राचीन मंडळ्यांत ते अर्पणाच्या आधी येतं, मत्तयाच्या क्रमानेच. रोमन परंपरेत ते प्रभुभोजनाच्या अगदी तोंडाशी सरकलं. भारतातल्या कॅथलिक उपासनेत 1969पासून हात जोडून शांती द्यायला मान्यता मिळाली. आज कलबुर्गीच्या कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर लोक शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करताना दिसतील. बीदरच्या मंगलपेठेतल्या किंवा खेड्यापाड्यांतल्या मेथडिस्टांकडे वेगळी वाट आहे. प्रभुभोजनाचं त्यांचं जुनं आमंत्रण इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातून जॉन वेस्लीमार्फत आलं. पापांचा खरा पश्चात्ताप झालेल्या आणि शेजाऱ्यांशी प्रेमाने राहणाऱ्यांना ते बोलावतं. दुसरी अट आपण सवयीने ऐकून सोडून देतो.

वेस्लीचं नाव निघालंच आहे तर एक हकिगत सांगतो. 1742च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये मेथडिस्टांच्या सभागृहावरचं कर्ज कसं फेडायचं यावर बैठक बसली होती. कॅप्टन फॉय नावाच्या माणसाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पुष्कळांकडे पेनीसुद्धा नसते. त्यावर फॉय म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन. ज्याला देता येणार नाही त्याची पेनी मी भरीन. इतरांनीही असेच अकरा-अकरा घेतले. पेनी गोळा करायला ही माणसं दारोदार गेली आणि परत येऊन सांगू लागली, अमुक नवरा बायकोशी भांडतो, तमुक पुन्हा प्यायला लागला आहे. वेस्लीच्या ध्यानात आलं की आपण इतके दिवस हेच शोधत होतो. कर्जफेडीच्या या व्यवस्थेतून मेथडिस्टांच्या ‘क्लास मीटिंगा’ उभ्या राहिल्या. अर्पणाच्या निमित्ताने कोणीतरी घरात शिरत होतं आणि घरात काय चाललं आहे ते बघत होतं.

आपल्याकडे अर्पण घ्यायला आता कोणाच्या घरी जावं लागत नाही. थैली फिरते, पाकिटावर नाव असतं, उपकारस्तुतीच्या रविवारी पोती आपोआप चर्चमध्ये येतात. सोयीचं झालं, आणि मला तिथेच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

तर भालकीच्या बंधूंना उत्तर. देव कोणाचं पोतं घेतो, हे मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण मत्तय मानला तर दोन्ही पोती तिथेच वेदीसमोर ठेवलेली राहू द्यावीत. त्यांचा लिलाव करू नये, पावती फाडू नये. पाळकांनी आणि मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी येत्या सोमवारी, रविवारी नव्हे, दोघांना घेऊन बांधावर जावं. मोजणीचा कागद सोबत असावा. कोणाचं किती आत गेलं ते साखळी टाकून बघावं. थोरल्याने खरंच कोरलं असेल तर जमीन आधी परत, मग हात हातात. तक्रार खोटी निघाली तर धाकट्याने ते थोरल्याच्या दारात जाऊन सांगावं. एका सोमवारी होणार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जावं. तूर खराब होत नाही, नीट वाळवलेली असेल तर महिनाभर सहज थांबते.

पत्रलेखकांना एक विनंती. काय झालं ते कळवा, न जमलं तरी कळवा.

पुढच्या आठवड्यात टिळक नक्की. त्यांच्याही आधी नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं करणारे कृष्ण रत्नाजी सांगळे यांच्यापासून सुरुवात करू. औराद, बसवकल्याण, आळंद भागात कोणाच्या घरी आजोबांच्या हातची जुनी भजन-कीर्तनाची वही असेल तर ती जपून ठेवा आणि मला दोन ओळी लिहून कळवा.