झाडतोडीच्या धंद्यात वेळ वाचवायचा कोठे?

पावसाळ्याच्या तोंडावर झाडतोडीच्या कामांची एकच झुंबड उडते. हाउसिंग सोसायटीला इमारतीवर झुकलेली फांदी नको असते. बागायतदाराला वाळलेले झाड घरावर कोसळण्याची धास्ती असते. वखारवाल्याला लाकूड भिजण्यापूर्वी ट्रकमध्ये हवे असते. प्रत्येकाला काम आजच्या आज पाहिजे. आपल्यापैकी वखार, आरागिरणी, सुतारकाम यांत असलेले कित्येकजण झाडतोडीचे ठेकेही घेतात, आणि ही बोली बहुधा उक्ती असते. दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकले की दुसऱ्या दिवसाची मजुरी ठेकेदाराच्या खिशात राहते. घाई जन्मते ती या हिशेबातून. हाता-पायांनी आणि कधी जिवाने किंमत मोजतो तो मात्र फांदीवरचा मजूर.

घाई करणे चूक, असे सरसकट म्हणता येणार नाही. धंदा म्हटला की वेळेला किंमत आलीच. प्रश्न इतकाच की वेळ वाचवायचा कोठे? दिवसभराच्या कामात प्रत्यक्ष कापण्याचा वेळ फार थोडा असतो. बाकीचा दिवस जातो दोर लावण्यात, फांद्या ओढून बाजूला करण्यात, तुकडे पाडण्यात आणि गाडी भरण्यात. म्हणजे वर चढलेल्या माणसाला ‘आटप, आटप’ म्हणून ओरडल्याने पाच-दहा मिनिटे वाचतात, आणि खाली गाडी वेळेवर न आल्याने दोन तास फुकट जातात. हा उलटा व्यवहार झाला.

शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते आणि ती यायला वेळ लागतो. तो वेळ ठेकेदाराने वाया घालवू नये. झाडाला सावकाश फेरी मारून यावे. बुंध्याशी छत्र्या उगवल्या आहेत का, खोडावर ठोकले तर पोकळ आवाज येतो का, मुळाकडची माती उचलली गेली आहे का, हे पाहावे. झाडाची जातही ओळखावी. गुलमोहर आणि शेवगा यांच्या फांद्या फसव्या असतात, वजन पडताच कडकन मोडतात. वाळलेल्या झाडावर तर माणूस चढवूच नये. ते शिडीची किंवा क्रेनची गाडी लावूनच उतरवावे. तिचे भाडे जास्त वाटेल, पण ते बोलीत आधीच धरावे.

विजेच्या तारेजवळचे काम असेल तर वीज कंपनीकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये. ओल्या लाकडातून वीज वाहते. लाकडी दांड्याने तार बाजूला धरून काम उरकणारे आजही दिसतात, त्यांना काय म्हणावे! ‘लाइन बंद होईल’ असे कोणी फोनवर सांगितले म्हणजे लाइन बंद झाली असे नव्हे. कंपनीचा माणूस जागेवर येऊन खात्री देईपर्यंत थांबावे.

आता चेन सॉविषयी. तिची साखळी बोथट झाली की लाकडाचा भुगा बारीक पिठासारखा पडतो. धारदार असेल तर जाड किसासारखा निघतो. बोथट साखळी कापत नाही म्हणून माणूस अंगाचा जोर लावतो आणि जोर लावला की तोल जातो. कानस मारायला जाणारी थोडी मिनिटे पुढच्या तासाभरात भरून निघतात. येथे वेग आणि सुरक्षितता यांचे भांडणच नाही. दुसरे, पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नये. तेथे लागले की यंत्र डोळ्याची पापणी लवण्याआधी उसळून तोंडाकडे येते. म्हणून दोन्ही हातांनी पकडावे, खांद्याच्या वर उचलून कापू नये आणि चालताना ब्रेक लावावा. लुंगी आणि चप्पल घालून हे यंत्र चालवणाऱ्याला ठेकेदाराने कामावर उभेच करू नये. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, जाड बूट आणि साखळी अडवणारी खास पँट यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

फांदीच्या वजनाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. एक फूट जाडीचा आणि दहा फूट लांबीचा ओला तुकडा सुमारे २०० किलो भरतो. तो तीन-चार फूट कोसळून दोरावर अडकला की दोराला बसणारा हिसका या वजनाच्या कितीतरी पट असतो. जुना, उन्हाने पिचलेला नायलॉनचा दोर तेथे टिकत नाही. म्हणून मोठा तुकडा एकदम सोडण्यापेक्षा दोन-तीन लहान तुकडे सोडावेत. कापताना चढलेल्या माणसाचा बेल्ट दोन ठिकाणी बांधलेला असावा, कारण करवतीने एक दोर कापला गेला तर दुसरा त्याला धरून ठेवेल. उंटाला आधी दोर बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण तकरिरीत ऐकतो, झाडाखाली उभे राहिल्यावर ती विसरतो.

अख्खे झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे तिकडे आधी खाच घ्यावी. ती खोडाच्या जाडीच्या पाव ते एकतृतीयांश इतकी असावी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा एक-दोन इंच वर, काप घ्यावा. मात्र मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाइतकी पट्टी शिल्लक ठेवावी. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला दिशा देते. घाईत ती पुरती कापली की झाड कोणाचेच राहत नाही, मनाला येईल तिकडे वळते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कापणाऱ्याखेरीज कोणी नसावे, आणि त्यानेही मागे तिरकस पळण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवावी.

वादळात पडलेल्या झाडांची गोष्ट निराळी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या केल्या. अशा वेळी रस्ता मोकळा करण्याची घाई सर्वांनाच असते. पण आडवे झाड म्हणजे ताणलेले धनुष्य. दबलेल्या बाजूने आधी थोडा काप द्यावा, मग ताणलेल्या बाजूने हळूहळू सोडवावे. उपटलेला बुंधा खोड कापताच पुन्हा उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात किंवा मुळांमागे माणूस असता कामा नये.

आणखी एक गोष्ट. जुम्याच्या दिवशी नमाजची वेळ जवळ आली की ‘एवढी एक फांदी काढून निघू’ असे म्हटले जाते. ती एक फांदी नमाजनंतर काढावी. रमजानमध्ये चढण्याचे काम सकाळीच उरकावे, दुपारी रोजा असलेल्या मजुराला वर पाठवू नये. त्याला खाली, सावलीत काम द्यावे.

शेवटी बोलीचा मुद्दा. कामावर मजूर जखमी झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व १९२३ पासून आपल्याकडे कायद्यात आहे. ‘तो रोजंदारीवर होता’ म्हणून सुटका होतेच असे नाही. म्हणून बोली देतानाच कागदावर लिहावे: शिडीच्या गाडीचे भाडे, विम्याचा हप्ता, खाली रस्ता अडवणारा एक जादा माणूस, आणि वारा-पावसामुळे काम थांबले तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार. ही शेवटची ओळ बहुतेक बोलींत नसते. ती लिहिलेली असेल तर वारा सुटताच मुकादम माणसाला खाली बोलावतो. नसेल तर मजुरी बुडेल म्हणून त्याला वरच ठेवतो. ग्राहक जास्त पैशांबद्दल कुरकुर करील. त्याला झाडाखाली नेऊन कोणती फांदी कोणाच्या छपरावर आहे ते दाखवावे. तरीही शेजारच्या स्वस्त ठेकेदाराकडे जायचे असेल तर जाऊ द्यावे.