'जोड' या शब्दाविषयी

आज एकच शब्द घेऊ: जोड. दंगलीत कुस्ती लावताना विचारतात, "याला जोड कोण?" म्हणजे वजनानं, वयानं, ताकदीनं बरोबरीचा कोण. बघा, ज्याला पाडायचं त्यालाच आपली भाषा जोड म्हणते, जशी बैलांची जोड.

मातीत उतरला की पैलवान आधी माती कपाळाला लावतो, मग सलामी. समोरच्याच्या अंगावर माती टाकतो, घामानं हात निसटू नये म्हणून. पाठ टेकली की कुस्ती संपली. पडलेल्याला पुढं मारणं नाही.

आपल्या शेजारी अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकानं आपले देशी खेळ तिथं करून दाखवले. तिकडच्या डोंगरांतही एक देशी कुस्ती आहे बरं का! स्वित्झर्लंडची श्विंगेन. तिथं मातीऐवजी लाकडाच्या भुशाचं गोल रिंगण. कपड्यांवरून जाड कापडाची आखूड चड्डी चढवतात आणि तीच पकडून लढतात. पाठ टेकली की हार. मग जिंकलेला गडी हरलेल्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हातानं झटकतो. मोठ्या दंगलीत पहिल्या नंबरला वळू मिळतो, पण मला तो भुसा झटकणारा हात मोठा वाटतो.

१८०५ साली तिथं उन्स्पुनेनला अशा खेळांचा उत्सव भरला. बर्न शहर आणि डोंगरातली खेडी यांच्यातलं वितुष्ट मिटावं, हा हेतू. पण १८१४मध्ये असंतोष पुन्हा उफाळलाच. रिंगणातला नियम रिंगणाबाहेर आपोआप चालत नाही.

आणि रिंगणात यायला कुणाला मिळतं, हाही प्रश्न आहेच. लहानपणी आमच्या गावच्या आखाड्याच्या काठावर माझ्याच वयाचा एक मुलगा रोज बसायचा. माझ्याहून दणकट. त्याला जोड कधी लागली नाही. कुस्तीत अंगाला अंग लागतं ना, तिथं जात आडवी यायची. "मी खेळतो याच्याशी," एवढंच मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. साठ वर्षं झाली. ती कुस्ती मी न खेळताच हरलो.

येत्या नागपंचमीला दंगल बघायला जाल, तेव्हा मातीकडे बघा. थोडं काठाकडेही बघा.